सल्ला : एकशेवीस फाइली, एक असिस्टंट

वाचकाचं पत्र

मी पुण्याची. एलएल.बी. करून सनद घेतली, थोडी वकिली केली आणि लग्नानंतर मँचेस्टरला आले. घरांच्या खरेदी-विक्रीची कामं घाऊक पद्धतीने करणाऱ्या एका मोठ्या फर्ममध्ये मी कन्व्हेयन्सिंग असिस्टंट आहे. माझ्या नावावर १२० चालू फाइली आहेत. सकाळी लॉगिन केलं की शंभरावर ईमेल, दिवसभर एस्टेट एजंटांचे फोन, आणि महिनाअखेरीला ‘किती कम्प्लीट झाल्या’ हा एकच प्रश्न. कुठली फाइल आधी हातात घ्यावी तेच कळत नाही. रात्री दचकून आठवतं, अमक्याचा कर भरायचा राहिला. मागे एका टीआर१वर, म्हणजे घर हस्तांतराच्या फॉर्मवर, साक्षीदाराची सही राहिली होती, तर वरिष्ठ म्हणाले, ‘तूच कर, काही होत नाही.’ मी केली नाही. तेव्हापासून त्यांचा सूर बदललाय. त्यात इथल्या मराठी मंडळींना माझ्या कामाचं कळलंय, त्यामुळे ओळखीचे लोक ‘आमची फाइल तूच बघ’ म्हणून मागे लागतात. काम शिकायचं आहे. पण इथे राहू की सोडू?

उत्तर

सही केली नाहीत, हे अगदी योग्य केलंत. तुमच्या पत्रातली सगळ्यांत गंभीर गोष्ट तीच आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल बोलू.

टीआर१ हे डीड, म्हणजे साक्षीदारासमोर सही करायचा दस्त, आहे. सही करणाऱ्याने साक्षीदारासमोर सही करायची आणि साक्षीदाराने तिथे प्रत्यक्ष हजर असायचं. व्हिडिओ कॉलवर पाहिलेलं चालत नाही. नंतर ऑफिसात बसून कुणी ‘साक्षीदार’ म्हणून सही केली तर ती खोटी साक्ष ठरते, आणि डीडची वैधताच धोक्यात येते. ‘वरिष्ठांनी सांगितलं’ ही ढाल तुम्हाला मिळणार नाही. सॉलिसिटर्स अ‍ॅक्ट १९७४च्या कलम ४३ खाली, सॉलिसिटर नसलेल्या कर्मचाऱ्यावरही आदेश निघू शकतो. तसा आदेश निघाला की नियामक संस्थेच्या, म्हणजे एसआरएच्या, परवानगीशिवाय कुठल्याही सॉलिसिटर फर्मला तुम्हाला कामावर ठेवता येत नाही. मागची तारीख टाकणं आणि क्लायंटच्या नावाने सही करणं यालाही हेच लागू. तुमची फर्म लायसन्स्ड कन्व्हेयन्सरांच्या कौन्सिलच्या, म्हणजे सीएलसीच्या, नियमनाखाली असेल तर नियामक वेगळा, पण गांभीर्य तेवढंच. कोणाचं नियमन आहे ते फर्मच्या लेटरहेडच्या तळाशी लिहिलेलं असतं.

पुन्हा असा प्रसंग आला तर वाद घालत बसू नका. फाइलींच्या सॉफ्टवेअरमध्ये (केस मॅनेजमेंट) दोन ओळी लिहा : ‘टीआर१वर साक्षीदाराची सही नाही. नवीन प्रत क्लायंटकडे साक्षीदारासमोर सही करून घेण्यासाठी आज पाठवली.’ आणि खरोखर पाठवा. टपालाचे दोन-तीन दिवस जातील, तेवढे जाऊ द्या. वरिष्ठांचा सूर बदलला तरी नोंद तुमच्या बाजूने राहते.

आता १२० फाइलींकडे. या फर्म अशा का चालतात ते आधी समजून घ्या, म्हणजे दोष स्वतःकडे घेणं थांबेल. एका घराच्या कामाची फी ठरलेली आणि कमी असते. बरीचशी कामं एस्टेट एजंट किंवा मॉर्टगेज ब्रोकर पाठवतात आणि त्यांना रेफरल फी द्यावी लागते. ती क्लायंटला सांगणं बंधनकारक आहे. हातात उरणारी रक्कम लहान, म्हणून संख्या मोठी. एकशेवीस फाइली कुणीच ‘सांभाळू’ शकत नाही. सांभाळायच्या असतात त्या तारखा.

आमचा मुख्य सल्ला एवढाच आहे : उशीर आणि नुकसान वेगळं करा. एजंटाच्या ईमेलला दोन दिवस उत्तर गेलं नाही, तो चिडला, तर तो उशीर झाला. तो भरून निघतो. पैसे चुकीच्या खात्यात गेले, नोंदणीची अग्रक्रम-मुदत संपली, कराचं रिटर्न राहिलं, नको ते अंडरटेकिंग, म्हणजे फर्मला बांधणारा शब्द, दिलं गेलं, तर ते नुकसान. त्यातलं काही कधीच भरून निघत नाही. इनबॉक्स मात्र दोन्ही एकाच रंगात दाखवतो, आणि ओरडणारा नेहमी उशिरासाठी ओरडतो. नुकसान गुपचूप होतं.

म्हणून सकाळचा पहिला अर्धा तास ईमेल उघडू नका. एक तक्ता उघडा. फर्मच्या सॉफ्टवेअरमध्ये असेल तर उत्तम, नसेल तर साधी एक्सेल शीट. एका ओळीत एक फाइल, आणि रकाने फक्त तारखांचे : मॉर्टगेज ऑफर कधी संपते, सर्च (घराबद्दल कौन्सिल वगैरेंकडे केलेल्या चौकश्या) कधीच्या आहेत, एक्स्चेंज (करार पक्का होणं), कम्प्लीशन (पैसे देऊन चावी मिळणं), ओएस१ची (नोंदणीतला अग्रक्रम राखणाऱ्या सर्चची) मुदत, स्टँप ड्युटीचा शेवटचा दिवस, नोंदणी अर्ज गेला का. तारखेप्रमाणे क्रम लावा. पुढच्या दहा कामाच्या दिवसांत ज्यांची तारीख पडते त्या फाइली आजच्या. १२०पैकी त्या मूठभरच निघतील.

प्रत्येक रकान्यात काय बिघडतं ते सांगतो.

सर्च कम्प्लीशनच्या दिवशी सहा महिन्यांपेक्षा जुने असले तर बहुतेक कर्जदात्या बँका ते मान्य करत नाहीत. एकमेकांवर अवलंबून असलेल्या खरेदी-विक्रींच्या साखळीत एक घर अडकलं की लोकल सर्च हळूच शिळा होतो, आणि काही कौन्सिलांकडून नवा यायला आठवडे लागतात. पाचव्या महिन्यात लाल खूण दिसेल अशी सोय करा. मॉर्टगेज ऑफरचंही तसंच. मुदतवाढ ब्रोकर मागतो, पण तारीख तुम्ही लक्षात ठेवायची.

ओएस१बद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण महाराष्ट्रातून आलेल्या माणसाचा इथे हमखास गोंधळ होतो. आपल्याकडे दोन्ही पक्ष दुय्यम निबंधकासमोर बसतात, खरेदीखत तिथेच नोंदलं जातं आणि इंडेक्स टू निघतो. इंग्लंडमध्ये आधी पैसे जातात, चावी मिळते, आणि नोंदणीचा अर्ज नंतर एचएम लँड रजिस्ट्रीकडे जातो. नोंदणी होईपर्यंत कायदेशीर मालकी विकणाऱ्याच्याच नावावर असते. ही मधली पोकळी ओएस१ सर्च झाकतो. तो केला की ३० कामाचे दिवस अग्रक्रम मिळतो. तेवढ्या दिवसांत दुसऱ्या कुणी त्या घरावर बोजा किंवा नोटीस चढवायचा अर्ज केला तरी तुमचा अर्ज आधी धरला जातो. अट एकच, तुमचा एपी१, म्हणजे नोंदणीचा अर्ज, त्या मुदतीत रजिस्ट्रीकडे दाखल झाला पाहिजे. मुदत संपल्यावर दुसरा सर्च करता येतो, पण त्याने नवा अग्रक्रम मिळतो, जुना लांबत नाही. दोन सर्चच्या मधे एखादा बोजा शिरला तर तो तुमच्या क्लायंटच्या डोक्यावर बसतो.

एपी१साठी कराचं, म्हणजे स्टँप ड्युटीचं, प्रमाणपत्र (एसडीएलटी५) लागतं. कराचं रिटर्न आणि रक्कम कम्प्लीशननंतर १४ दिवसांत भरायची. मार्च २०१९पूर्वी ही मुदत ३० दिवस होती, आणि काही फर्मच्या जुन्या टेम्प्लेटमध्ये अजून तोच आकडा सापडतो. तुमच्या टेम्प्लेटमध्ये बघून घ्या. उशिराचा दंड आधी १०० पौंड, तीन महिने उलटले की २०० पौंड, शिवाय व्याज. घेणारा कम्प्लीशनआधीच चावी घेऊन राहायला गेला असेल तर १४ दिवस तेव्हापासूनच सुरू होऊ शकतात, हे फार जणांच्या ध्यानात येत नाही. मँचेस्टरहून वेल्समधली घरंही तुमच्याकडे येत असतील. तिथे कर वेगळा, लँड ट्रान्झॅक्शन टॅक्स, आणि मुदत ३० दिवस. दोन्ही एकाच रकान्यात मिसळू नका. रात्री दचकून जागं होण्यावर उपाय सोपा आहे : रिटर्न कम्प्लीशनच्या आधीच भरून तयार ठेवायचं, कराची रक्कम क्लायंटकडून उरलेल्या पैशांबरोबरच घ्यायची, आणि कम्प्लीशनच्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी पाठवून द्यायचं.

आणखी एक तारीख अशी आहे जी चुकली तर न्यायालयात जावं लागतं. भाड्याने द्यायचं घर अनेक जण हल्ली स्वतःच्या कंपनीच्या नावावर घेतात. कंपनीने दिलेलं तारण २१ दिवसांत कंपनीज हाऊसकडे नोंदवावं लागतं. ते राहिलं आणि कंपनी बुडाली, तर तिची मालमत्ता विकून देणी भागवणाऱ्या लिक्विडेटरपुढे बँकेचं तारण टिकत नाही. मग बँक तुमच्या फर्मकडे वळते. घेणारा कंपनी आहे असं दिसताक्षणी तक्त्यात वेगळा रकाना काढा.

आता पैसे. कम्प्लीशन बहुतांशी शुक्रवारी का होतं? लोकांना सामान हलवायला शनिवार-रविवार हवा असतो. भामट्यांनाही ते माहीत आहे. नेहमीचा डाव असा : क्लायंटचा किंवा समोरच्या वकिलाचा ईमेल हॅक होतो, आणि दुपारी ‘आमचं खातं ऑडिटमध्ये आहे, या दुसऱ्या खात्यात पाठवा’ असा निरोप येतो. भाषा सभ्य, संदर्भ क्रमांक बरोबर, घाई जबरदस्त. नियम एकच : खात्याचा तपशील ईमेलवर बदलत नाही. क्लायंटचं खातं फाइल उघडतानाच लेखी घ्यायचं. समोरच्या फर्मचं खातं फोनवर पडताळायचं, आणि तो फोन नंबर ईमेलच्या सहीतून न घेता नियामकाच्या नोंदवहीतून किंवा तुमच्या जुन्या पत्रव्यवहारातून घ्यायचा. कोणाशी बोललात, किती वाजता बोललात, हे लिहून ठेवायचं. बँकेच्या ‘नाव जुळतं’ या खुणेवर एकट्यावर विसंबू नका. अकाउंट्स विभागाचा चॅप्स (मोठी रक्कम त्याच दिवशी पोचवणारी बँक पद्धत) पाठवायचा कट-ऑफ तोंडपाठ ठेवा, तो बँकेच्या कट-ऑफच्या बराच आधी असतो. विक्री कराराच्या प्रमाण अटींनुसार पैसे दुपारी २ नंतर पोचले तर भरपाईच्या हिशेबात तो व्यवहार पुढच्या कामाच्या दिवशी झाला असं धरतात. शुक्रवारी अडीचला पोचलेले पैसे म्हणजे सोमवार. साखळीतल्या करारांमध्ये ही वेळ अनेकदा १ किंवा त्याहून आधी केलेली असते, करार उघडून बघा.

खोटा विक्रेता हा दुसरा सापळा. घर रिकामं किंवा भाड्याने दिलेलं, त्यावर कर्ज नाही, मालक परदेशात, पत्त्याऐवजी फक्त ईमेल, किंमत बाजारापेक्षा कमी आणि ‘पंधरा दिवसांत उरका’ अशी मागणी. यातल्या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की वरिष्ठाकडे जा. २०१८मध्ये ड्रीमव्हार प्रकरणात इंग्लंडच्या अपील न्यायालयाने अशा खोट्या विक्रीत विक्रेत्याच्याच नव्हे, घेणाऱ्याच्या वकिलांवरही जबाबदारी ठेवली. त्या व्यवहाराची रक्कम ११ लाख पौंड होती.

अंडरटेकिंगबद्दल एक सवय आजपासून लावून घ्या. वकिलाने दिलेला शब्द, ज्यावर समोरचा वाजवीपणे विसंबतो, तो अंडरटेकिंग ठरतो. त्यात तो शब्द वापरलेला असो वा नसो, फोनवर असो वा ईमेलमध्ये. ‘कम्प्लीट झालं की आम्ही कर्ज फेडून डीएस१ पाठवतो’ हे साधं वाक्य फर्मला बांधून टाकतं (डीएस१ म्हणजे कर्ज फिटल्याचा फॉर्म). ‘क्लायंट शुक्रवारपर्यंत सेवाशुल्क भरेल’ हेसुद्धा, आणि ते तर तुमच्या हातातही नाही. असं वाक्य लिहायची वेळ आली की ‘याबद्दल सहकारी सॉलिसिटर कळवतील’ म्हणा आणि अधिकार असलेल्या माणसाकडे द्या. फोनवर फॉर्म्युला बी या वकिलांमधल्या ठरलेल्या सूत्राने एक्स्चेंज करतानाही हेच, कारण त्या सूत्रातच अंडरटेकिंग आहे. तुम्हाला एक्स्चेंज करायला सांगितलं तर लेखी अधिकार घ्या, आणि नोंदीत तारीख, वेळ, दोन्ही बाजूच्या माणसांची नावं, डिपॉझिटची रक्कम, कम्प्लीशनची तारीख आणि करारात केलेले बदल फोन ठेवायच्या आत लिहा. डिपॉझिट सहसा किमतीच्या १० टक्के असतं. कमी ठरलं असेल तर तेही आधी लेखी ठरलेलं हवं.

फाइल वाचायची पद्धत बदललीत तरी बराच वेळ वाचेल. घाऊक फर्ममध्ये टेम्प्लेटमधले चाळीस प्रश्न समोर फेकायची रीत असते. निम्मे लागू नसतात, उत्तरं ‘लागू नाही’ अशी येतात, आणि तीही वाचावी लागतात. त्याऐवजी आधी टायटल रजिस्टर, म्हणजे लँड रजिस्ट्रीतली त्या घराची नोंद, वाचा. अ भागात मालमत्ता आणि तिचे हक्क. ब भागात मालक आणि निर्बंध. लीजच्या फ्लॅटवर इथे बहुधा व्यवस्थापन कंपनीच्या दाखल्याशिवाय नोंदणी न करण्याचा निर्बंध बसलेला असतो, आणि तो दाखला कम्प्लीशननंतर मागायला गेलं तर महिने जातात. क भागात कर्ज आणि अटी. मग नकाशा एजंटाच्या माहितीपत्रकाशेजारी ठेवा. जाहिरातीत असलेली पार्किंगची जागा नकाशातल्या लाल रेषेबाहेर निघणं ही नेहमीची गोष्ट आहे. विक्रेत्याने घराची माहिती भरून दिलेल्या टीए६ फॉर्ममध्ये पोटमाळा खोली केलेला दिसला आणि बिल्डिंग रेग्युलेशनचं प्रमाणपत्र नसलं, तर कौन्सिलला फोन करू नका, क्लायंटलाही तसं आधीच सांगा. कौन्सिलशी एकदा संपर्क झाला की इन्डेम्निटी पॉलिसी, म्हणजे अशा त्रुटीवरचा विमा, बहुधा मिळत नाही.

बँकेला कळवायच्या गोष्टी असिस्टंटच्या हातून सुटतात. डिपॉझिटमधली भेट रक्कम, किमतीत झालेली सूट, आणि विक्रेत्याने घर सहा महिन्यांपेक्षा कमी काळापूर्वी घेतलेलं असणं. या तिन्हींची खूण पहिल्याच दिवशी फाइलवर करा. एक्स्चेंजच्या आदल्या दिवशी कळवलं तर बँकेच्या उत्तरासाठी सगळी साखळी थांबते आणि खापर तुमच्यावर फुटतं.

एजंटांचे फोन बंद होणार नाहीत, पण कमी होतील. मंगळवार आणि गुरुवार ठरवा. त्या दिवशी प्रत्येक चालू साखळीच्या एजंटाला तीन ओळी पाठवा : काय आलं, काय यायचं आहे, कोणाकडून. फोन येण्यामागचं खरं कारण बहुधा माहिती न मिळणं हे असतं. आणि एजंट तुमचा क्लायंट नाही. क्लायंटच्या पैशांबद्दल किंवा कर्जाबद्दल त्याला काही सांगायचं नाही, कितीही गोड बोलला तरी.

आता ओळखीच्या मराठी मंडळींबद्दल. मराठीतून समजावून सांगणारं माणूस मिळणं हा त्यांच्यासाठी मोठा आधार आहे, तो देत राहा. पण नात्यातल्या आणि घरोब्याच्या माणसांची फाइल स्वतःकडे घेऊ नका, सहकाऱ्याकडे द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर सल्ला नको. तो फाइलवर नोंदला जात नाही, पण चुकला तर तुमच्याच नावावर राहतो.

या मंडळींच्या फाइलींमध्ये दोन प्रश्न पहिल्याच आठवड्यात विचारा. फर्मच्या फॉर्ममध्ये ते अर्धवट असतात.

पहिला : भारतात घर आहे का, वाटा तरी आहे का? इंग्लंडचा स्टँप ड्युटीचा कायदा जगभरातली घरं मोजतो. साडेतीन लाख पौंडांच्या घराचं उदाहरण घ्या. एप्रिल २०२५पासूनच्या दरांनी पहिलंच घर घेणाऱ्याला कर २,५०० पौंड. पूर्वी घर होतं, आता नाही, अशा माणसाला ७,५०० पौंड. आणि हडपसरला नवऱ्याच्या नावावर फ्लॅट असेल तर जादा घरावरच्या ५ टक्के अधिभारासह २५,००० पौंड. इथलं घर एकट्या बायकोच्या नावावर घेतलं तरी तेच, कारण अधिभारासाठी नवरा-बायको एकत्र धरले जातात. वडिलोपार्जित घराचा वारशाने आलेला वाटासुद्धा ‘पहिलं घर’ ही सवलत घालवू शकतो. अधिभाराच्या हिशेबात मात्र गेल्या तीन वर्षांत वारशाने आलेला ५० टक्क्यांपर्यंतचा वाटा, किंवा ४०,००० पौंडांपेक्षा कमी किमतीचा हिस्सा धरत नाहीत. दोन्ही नियम वेगळे आहेत, एकाचं उत्तर दुसऱ्याला लावू नका. आपल्या लोकांना ‘दुसरं घर आहे का’ विचारलं तर ते मनापासून ‘नाही’ म्हणतात, कारण सातबाऱ्यावर किंवा सोसायटीच्या कागदावर भावांबरोबर लागलेलं नाव त्यांना घर वाटतच नाही. म्हणून प्रश्न असा विचारा : ‘भारतात कुठल्याही घराच्या कागदावर तुमचं किंवा तुमच्या जोडीदाराचं नाव आहे का, आई-वडिलांबरोबर तरी?’ उत्तर ‘हो’ आलं, किंवा एकत्र कुटुंबाची मिळकत निघाली, तर ते वरिष्ठाकडे आणि कर सल्लागाराकडे जायला हवं. तुम्ही अंदाज बांधायचा नाही.

दुसरा : पैसे कुठून येणार? आई-वडील भारतातून भेट म्हणून पाठवणार असतील तर रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या एलआरएस योजनेत एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. अनिवासी माणूस आपल्या एनआरओ (अनिवासींच्या भारतातल्या मिळकतीच्या) खात्यातून पाठवणार असेल तर दहा लाख डॉलर. बँकेचे अर्ज, सीएचं प्रमाणपत्र, टीडीएस यांत आठवडे जातात, आणि आर्थिक वर्ष ३१ मार्चला बदलतं. तुमच्या फर्मला नुसती ‘पैसे आले’ ही नोंद पुरत नाही. पैसे देणाऱ्याचं ओळखपत्र, भेटपत्र, आणि ती रक्कम त्यांच्याकडे कशी जमली याचा माग लागतो. पुण्यातला फ्लॅट विकून आली असेल तर खरेदीखत, इंडेक्स टू आणि विक्रीची रक्कम जमा झालेलं बँक स्टेटमेंट. मराठीतल्या कागदांचं प्रमाणित भाषांतर मागवा. तुम्ही स्वतः भाषांतर करून फाइलला लावू नका, भले तुम्हाला ते दहा मिनिटांचं काम असेल.

इथेच एक अवघड क्षण येतो. क्लायंट सहज बोलून जातो, ‘थोडे रोखीत मिळाले होते, तसंच असतं ना आपल्याकडे.’ ते ऐकल्यावर मान डोलवू नका आणि काही समजावूही नका. फर्मच्या मनी लाँडरिंग रिपोर्टिंग ऑफिसरला त्याच दिवशी लेखी कळवा आणि त्यांचा निरोप येईपर्यंत पैसे पुढे हलवू नका. असा अहवाल दिलाय हे क्लायंटला कळू देणं हा स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो. समोर नात्यागोत्यातला माणूस असेल तर गप्प राहणं किती जड जाईल याचा विचार करा. ओळखीची फाइल घेऊ नका म्हणालो, त्याचं सगळ्यांत मोठं कारण हे आहे.

नावांचंही बघा. पासपोर्टवर नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव. बँकेत आद्याक्षरं. मॉर्टगेज ऑफरमध्ये मधलं नाव गायब. लग्नानंतर बदललेलं नाव एका कागदावर आहे, दुसऱ्यावर नाही. टीआर१, कर्जाचं डीड आणि एपी१ यांवर नाव अक्षराअक्षराने एकसारखं नसेल तर लँड रजिस्ट्री शंका काढते आणि अर्ज अडकतो. ऑफर आली त्याच दिवशी नाव पासपोर्टशी ताडून पाहा. तेव्हा ब्रोकरला एक ईमेल पुरतो.

राहायचं की सोडायचं? आमच्या मते लगेच सोडू नका, पण किती काळ आणि कशासाठी राहायचं ते ठरवा. घाऊक फर्ममध्ये एका वर्षात जेवढी टायटल नजरेखालून जातात तेवढी गल्लीतल्या छोट्या फर्ममध्ये कित्येक वर्षांत जात नाहीत. फ्रीहोल्ड, लीज, नवीन बांधकाम, शेअर्ड ओनरशिप, सगळं समोर येतं. तुम्हाला फक्त एकच तुकडा दिला असेल, समजा फक्त पोस्ट-कम्प्लीशन, म्हणजे कम्प्लीशननंतरची कामं, तर सहा महिन्यांत दुसऱ्या विभागात बदली मागा. पहिल्यापासून शेवटपर्यंत काही फाइली स्वतः नेल्याशिवाय हे काम येत नाही.

थांबण्याची एक अट मात्र आहे. ज्याला प्रश्न विचारता येईल आणि जो त्याच दिवशी उत्तर देईल असा पात्र माणूस हवा. तसा कुणी नसेल, किंवा सहीसारखी मागणी पुन्हा झाली, तर दुसरी नोकरी शोधायला लागा. पुन्हा मागणी झाली तर ती फर्मच्या कम्प्लायन्स ऑफिसरला लेखी कळवा. तिथून हालचाल झाली नाही तर नियामकाकडे जाता येतं. फाइलींच्या संख्येबद्दलही लेखी बोला, पण ‘फार ताण आहे’ असं मोघम नको. ‘पुढच्या दहा दिवसांत माझ्याकडे अमुक इतकी कम्प्लीशन आहेत, त्यातली या चार फाइली मी तपासू शकणार नाही, कोणाला देऊ?’ असा ईमेल पाठवा. त्याला उत्तर द्यावंच लागतं. आठवड्याला सरासरी ४८ तासांची मर्यादा सोडण्यावर तुम्ही रुजू होताना सही केली असण्याची शक्यता आहे. ती सही मागे घेता येते. किमान सात दिवसांची नोटीस लागते, करारात जास्त लिहिली असेल तर तीन महिन्यांपर्यंत. झोप उडालीच आहे, तर लॉकेअर ही वकिली क्षेत्रातल्या लोकांसाठी असलेली संस्था मोफत आणि गोपनीय बोलते. सॉलिसिटर नसलात तरी फोन करता येतो.

पुढच्या वाटेचा हिशेब मांडून ठेवा. तुमच्याकडे भारतातली सनद आहे. एसक्यूई ही पात्रता परीक्षा देऊन सॉलिसिटर व्हायचं असेल तर आधीच पात्र असलेल्या परदेशी वकिलाला दोन वर्षांचा कामाचा अनुभव दाखवण्याची अट नाही, त्यामुळे ‘अनुभव पुरा होईपर्यंत सहन करते’ असं तुम्हाला म्हणावं लागणार नाही. पहिल्या टप्प्यात ३६० बहुपर्यायी प्रश्न असतात आणि त्यात मालमत्ता कायदा येतोच, तो तुम्ही रोज करताय. फक्त घरांच्याच कामात राहायचं असेल तर लायसन्स्ड कन्व्हेयन्सरची वाट आहे, आणि अनेक घाऊक फर्म तिची फी भरतात. मात्र मधेच सोडल्यास फी परत द्यायची अट करारात आहे का, ते सही करण्याआधी वाचा.

आणि सोडायचं ठरलं, तर राजीनामा देण्याआधी तो तारखांचा तक्ता अद्ययावत करा. नोटीसच्या काळात प्रत्येक फाइलवर एक छोटी हस्तांतर नोंद ठेवा : टप्पा कोणता, कोणाची वाट पाहतोय, कोणती तारीख जवळ आहे, कोणतं अंडरटेकिंग बाकी आहे. मुदत संपत आलेल्या ओएस१च्या आणि रिटर्न बाकी असलेल्या फाइलींची वेगळी यादी वरिष्ठांना ईमेलने पाठवा, आणि ती मिळाल्याचं उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करा.